सात नंबरचा ठोका

रायकरमामांना कुणी नवा इंग्रजी शब्द सांगितला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कुठनं आला?"

अर्थ नंतर. कारखान्यात येणारा आणि कारखान्यातून जाणारा माल तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. माल कुणी पाठवला, सोबत चलन आहे का, वाटेत कुठे उतरवला होता का, हे कळल्याशिवाय ते खोक्याची पट्टीसुद्धा कापत नसत. शब्दांनाही तोच कायदा. एकदा मनुष्यबळ विभागातल्या एका उत्साही मुलीने प्रशिक्षणाच्या तासाला फळ्यावर 'मोटिव्हेट' असा शब्द लिहिला. आम्ही सगळ्यांनी तो मुकाट्याने वहीत उतरवून घेतला. मामांनी हात वर केला. "ताई, ह्याचं चलन हाय का?" मुलीला कळेना. मामा म्हणाले, "न्हाई, कुठल्या गावचा हाय, आधी काय काम करत व्हता, तेवढं सांगा. मग आत घेतो."

सगळे हसले. मीही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी तो शब्द वहीत लिहिला आणि त्याभोवती चौकोन काढला. चौकोन म्हणजे माल फाटकावर थांबवलेला आहे.

या माणसाबद्दल मी आजवर कुणाशी मोकळेपणाने बोललेलो नाही. बायकोशीही नाही. बोलायला लागलो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं, म्हणून. आता सगळंच लिहितो.

मी गावंडे, मूळचा अमरावतीकडचा. डिप्लोमा करून पुण्यात आलो आणि विश्रांतवाडीत स्थिरावलो. धायरीच्या त्या कारखान्यात ट्रॅक्टरच्या पंपांचे सुटे भाग होतात. गुणवत्ता विभागाचा प्रमुख म्हणून मी तिथे लागलो आणि रोज शहर आडवं कापून कामावर जाऊ लागलो. मामा वयाने माझ्यापेक्षा वडील, हुद्द्याने माझ्या हाताखाली. पहिल्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला, मायक्रोमीटर हातात दिला आणि स्वतःच्या खिशातली एक पिन पुढे केली. "साहेब, एवढी जरा मोजून द्या." मी मोजली, आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. "बरोबर हाय. बसा आता खुर्चीवर." नंतर कळलं, त्या पिनेचं माप त्यांना वीस वर्षांपासून पाठ होतं. मापायचा होतो मी.

माणूस धायरीचाच. गाव शहराने गिळलं, मळ्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर मामा राहायला गेले. "विहिरीवर झोपतोय मी," म्हणायचे. "खाली पार्किंग केलंय. पाणी हाय का अजून, ते कुणी बघू देत न्हाई." मळा गेला तरी दारावर पाटी होती, 'रायकर मळा, चौथा मजला'.

संशय हा त्यांचा धंदा होता, आणि धंदा ते घरीही नेत. चहावाल्याचा ग्लास त्यांनी व्हर्नियरने मोजला होता. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा मामींनी पोळी वाढता वाढता सांगितलं, "मला बघायला हे दोनदा आले. पहिल्यांदा चार माणसं घेऊन. दुसऱ्यांदा एकटेच, सकाळी सकाळी, न सांगता. मी शेणाची पाटी घेऊन चालले व्हते."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पास झाले."

मामा मान खाली घालून आमटी भुरकत होते. म्हणाले, "वरचा आंबा सगळेच दाखवत्यात, साहेब."

ही त्यांची सगळ्यात आवडती म्हण होती आणि कामाची पद्धतही. क्रेट कितीही जड असो, मामा तपासणीसाठी नग कधी वरून घेत नसत. कोपरापर्यंत हात घालून तळातून काढत. मशीनवर सकाळी नवं हत्यार लावलेलं असतं, तेव्हाचे नग चांगले निघतात आणि चांगले म्हणून दाखवायला वर ठेवले जातात. हत्यार झिजत गेल्यावरचे खाली जातात. "विश्वास ठेवायला देऊळ हाय," ते म्हणत. "हितं मापाचं गेज हाय." पण पुढचं वाक्यही ते म्हणत, आणि ते मला फार उशिरा ऐकू आलं. "संशय मालावर घ्यायचा. माणसावर न्हाई. माणसाला बिचाऱ्याला काय म्हाईत तळाला काय हाय?"

आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा पंच असतो. करंगळीएवढा पोलादी तुकडा, टोकाला गोलात एक आकडा. नग पास झाला की त्याच्या टोकावर हा पंच ठेवून छोट्या हातोडीने एक ठोका मारायचा. तो आकडा म्हणजे त्या माणसाची सही. मामांचा आकडा सात. पंच ते चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवत आणि डबी रोज घरी नेत. एकदा एका नव्या इंजिनिअरने सहज तो मागितला. मामा म्हणाले, "अंगठा देऊ का तोडून? तो न्या." मामा डावखुरे. त्यामुळे त्यांचा सात नेहमी जरा कलंडलेला उमटे, डोकं खाली घालून चालणाऱ्या माणसासारखा. हे मी रोज बघत होतो. बघत होतो म्हणजे काय, डोळ्यांपुढे होतं.

आता त्या शब्दाकडे येतो. एके दिवशी दुपारी मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात मालाला बांधायचा टॅग होता.

"साहेब, तीस वर्षं मी ह्या 'चेक्ड बाय'च्या पुढं सही करतोय. दिवसातनं शंभरदा म्हणतो, चेक केलं, चेक करतो, चेक करा. हा चेक कुठला?"

"चेक म्हणजे तपासणे, मामा."

"ते त्याचं काम झालं. मी गाव इचारतोय."

मी फोनवर शोधून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. "फोनला कुणी सांगितलं?"

पुढच्या सोमवारी ते पिशवीतून एक इंग्रजी कोश घेऊन आले. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला, पुठ्ठा निखळलेला, पाटासारखा जड. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत, सुट्या भागांचे नकाशे वाचून वाचून. वाक्यं जड जात. ओरखडे बघायचं भिंग त्यांनी पानावर धरलं आणि मी वाचू लागलो. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचांना मिळाला लॅटिनमधून. लॅटिनला अरबीतून, आणि अरबीला फारसीतून. फारसीत मूळ शब्द शाह. म्हणजे राजा. बुद्धिबळात समोरच्याच्या राजाला धोका आहे, हे मोठ्याने सांगण्यासाठी जो शब्द उच्चारायचा, तोच हा.

मामांनी भिंग खाली ठेवलं. "म्हंजे शह?"

"शहच. आपल्याकडेही तो फारसीतूनच आलेला."

मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. डाव्या हाताच्या बोटाने त्यांनी टेबलावर वाटा काढल्या. "हितं इराण. हितनं माल निघाला. एक गाडी थेट हिकडं आली. दुसरी अरबस्तान, फ्रान्स, इंग्लंड अशी फिरून जहाजातनं आली. एकच माल, दोन गाड्या! आन् मी तीस वर्षं दोन वेगळे लॉट समजून ठिवले."

मग गंभीर झाले. कोशात अर्थ ज्या क्रमाने आले होते तो क्रम त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. पहिल्यांदा राजाला दिलेला इशारा. त्यावरून अडवणं, रोखणं. तपासून बघणं हे सगळ्यात शेवटी.

"म्हंजे आधी सांगायचं, मग अडवायचं, मग बघायचं," मामा म्हणाले. "आपण नुसतं बघतोय आन् सही ठोकतोय." वहीत त्यांनी 'चेक' लिहिलं आणि त्याला चौकोन केला नाही. शब्द आत आला.

बुद्धिबळ आम्ही जेवणाच्या सुट्टीत खेळत असू. एका खोक्याच्या प्लायवूडच्या झाकणावर मामांनी पट आखला होता. नाकारलेल्या भागांतून त्यांनी सोंगट्या जमवल्या होत्या. नट म्हणजे प्यादी, बेअरिंगची कडी म्हणजे हत्ती, राजा म्हणून पंपाची बोटभर पिन. घाईत मी कधी 'शह' न म्हणता चाल केली की ते ती चाल मागे घ्यायला लावत. "सांगून देतो तो शह. न सांगता देतो तो दगा."

आणि आता तो शनिवार.

महिन्याचा शेवटचा दिवस होता. पिनांचा चारेकशेचा लॉट नुकताच मशीनवरून मामांच्या टेबलाशेजारी येऊन पडला होता. एवढ्यात त्यांच्या पुतण्याचा फोन आला. मामी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, खुबा मोडला होता. मामा घाईघाईने चुन्याची डबी खिशात घालत होते, ती दोनदा खाली पडली. मी म्हणालो, "मामा, दवाखान्याच्या गडबडीत पंच कुठे पडेल. माझ्याकडे द्या, कुलपात ठेवतो."

तेव्हा माझ्या मनात काही होतं का? इतक्या वर्षांनंतरही मला नक्की सांगता येत नाही. काळजी होती हे खरं. लॉट पडून आहे हेही मला दिसत होतं.

मामा क्षणभर थांबले. मग डबी माझ्या हातावर ठेवली. "सोमवारी मोजून घेतो."

"एकच तर आहे. मोजायचं काय?"

"एक हाय म्हणूनच मोजायचा," म्हणाले आणि धावत गेले.

अर्ध्या तासात मोठ्या साहेबांचा फोन. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे प्रमुख. ओरडत कधीच नसत. "गावंडे, ट्रक उभा आहे. ड्रायव्हरचे तीन चहा झाले. आता त्याला जेवायलाही आपणच वाढायचं का?"

तपासनीस नसताना माल सोडायचा असेल तर त्यासाठी कागद होता. त्यावर विभागप्रमुखाने, म्हणजे मी, कारण लिहून सही करायची. काही झालं तर जबाबदारी माझी. तो कागद माझ्या खणात होता. मी खण उघडला नाही. कपाट उघडलं.

पाच नग तपासले. वरचे पाच. पाचही चोख होते. हात खाली घालायला क्रेट उपसावा लागला असता आणि ट्रक उभा होता. मग मी मामांच्या स्टुलावर बसलो आणि ठोकायला लागलो. एक पिन, एक ठोका. टिक. दुसरी पिन, दुसरा ठोका. चारशे वेळा. खांदा दुखायला लागला तेव्हा संध्याकाळ झाली होती. हात धुऊन मी वेळेवर घरी पोहोचलो. मुलीने विचारलं, बाबा, आज लवकर कसे?

सोमवारी मामांनी डबी उघडून मोजलं. "एक." मग विचारलं, "त्या पिना?"

"गेल्या."

"बघितल्या कुणी?"

"मी."

"खालनं?"

"हो," मी म्हणालो.

तीन आठवड्यांनी लॉट परत आला. तळाच्या पिनांचा व्यास कमी होता. शेतावर उभ्या ट्रॅक्टरांचे पंप गळायला लागले होते. कुणाला इजा झाली नाही, एवढंच माझं नशीब. मोठ्या साहेबांच्या खोलीत चौकशी बसली. टेबलावर पिन ठेवलेली, समोर मामा, बाजूला मी. मामांनी खिशातून भिंग काढलं आणि पिनेचं टोक बघितलं. फार वेळ बघितलं. सात सरळ उभा होता. उजव्या हाताचा सात. मग त्यांनी भिंगावरून माझ्याकडे बघितलं.

"रायकर, नंबर तुमचाच ना हा?" मोठे साहेब म्हणाले. "की आकडेही आता फितूर झाले?"

"नंबर माझा हाय," मामा म्हणाले.

ठोका कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मामा काय बोलले असते, याचा विचार मी तेव्हापासून करत आलो आहे. मी तोंड उघडलं असतं तर त्यांना बोलावंच लागलं नसतं, हा विचार मात्र मी बरीच वर्षं टाळला.

तपासनिसाचा पंच रद्द होतो तेव्हा तो ग्राइंडरवर घासून टाकायचा, आणि घासायचा विभागप्रमुखाने, सगळ्यांसमोर, असा आमच्याकडचा रिवाज. मी चष्मा लावला. डबीतून मामांनी तो स्वतः काढून दिला. ठिणग्या उडाल्या, सात गेला, टोक गुळगुळीत झालं. ग्राइंडर थांबल्यावरच्या शांततेत मामा माझ्या शेजारी उभे होते. हळू पण स्पष्ट आवाजात त्यांनी एकच शब्द म्हटला.

"शह."

"काय म्हणाले मामा?" कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही. चेष्टा."

निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांना पॅकिंगला बसवलं. तीस वर्षं खोकी उघडणारा माणूस आता खोकी बंद करू लागला. जेवणाच्या सुट्टीत ते पट मांडून बसत. मी तिकडे गेलो नाही. मला कामं असायची.

त्यानंतर संशयाचं खातं माझ्याकडे आलं. त्यांना कळलंय का? किती कळलंय? ते कॅन्टीनमध्ये युनियनच्या माणसाशेजारी बसले की मी जेवण सोडून तिकडेच बघत बसायचो. ते मोठ्या साहेबांच्या खोलीवरून गेले की मी घड्याळ बघायचो. एकदा ते भंगाराच्या पिंपापाशी परत आलेल्या पिना चिवडताना दिसले. मी त्याच दुपारी ते भंगार उचलायला लावलं, दोन दिवस आधी. कारण विचारणाऱ्याला सांगितलं, जागा अडते. मामांचा संशय मालापुरता होता. माझा माणसांवर होता, आणि तोही अशा माणसावर, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं.

निरोप समारंभात मी भाषण केलं. निष्ठा, काटेकोरपणा, आदर्श, सगळे शब्द वापरले. एकाचंही चलन माझ्याकडे नव्हतं. मामा उत्तरादाखल उठले आणि म्हणाले, "साहेब चांगलं बोलले. चेक करून घ्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चार वर्षं गेली. मग एक नवी मुलगी तपासनीस म्हणून लागली. तिला पंच देताना तिने विचारलं, "सर, सहानंतर एकदम आठ कसा? सेव्हन स्किप का केलाय?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मागून कुणी तिशीचा पोरगा म्हणाला, "अगं, तो एका मामाचा होता. न बघताच पास करायचा. बॅन केला."

त्या पोराने मामांना कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याने ते कुणाकडून ऐकलं असेल, त्या माणसाने कुणाकडून. गोष्ट गाड्या बदलत बदलत आमच्या विभागात येऊन पोहोचली होती, आणि ती जिथून निघाली तो मी तिथेच उभा होतो. मी त्या मुलीच्या हातावर आठ नंबर ठेवला. रविवारी धायरीला गेलो.

मामी काठी घेऊन दार उघडायला आल्या. "या. ह्यांनी सांगितलंच व्हतं, कधीतरी येतील म्हणून."

मामा गॅलरीत खाटेवर होते. वाळले होते, छातीच्या दुखण्याने दम लागत होता. समोर तोच प्लायवूडचा पट, सोंगट्या मांडलेल्या, त्यावर बारीक धूळ. राजाच्या जागी एक पिन उभी होती. त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं. मी पिनेचं टोक बघितलं. सरळ उभा सात. भंगार मी दोन दिवस आधी उचलायला लावलं, पण त्यांनी एक नग त्याआधीच उचलला होता. अर्थात तळातला.

"बसा," मामा म्हणाले. "चाल तुमची हाय. साडेपाच वर्षं झाली."

मी सांगितलं. वाटेत ठरवलेलं काहीच आठवलं नाही, जसं आलं तसं सांगितलं. कागद खणात होता, पंच मी मागून घेतला, पाचच नग बघितले.

"कुठले?"

"वरचे."

मामांनी डोळे मिटले. "अमरावतीचा माणूस तुम्ही. संत्र्याची पेटी कधी उघडली न्हाई व्हय?"

मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. थोडं सावरल्यावर विचारलं, "मामा, तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. बोलला का नाहीत?"

"बोललो की. सगळ्यांसमोर बोललो. शह दिला." दम खाऊन ते पुढे म्हणाले, "पंच मी हातचा सोडला. ती चूक माझी, ती मी घेतली. तुमची तुम्ही घ्यायची व्हती. ती बी मीच घ्यायची म्हंजे काय, डबल ड्यूटी झाली."

"माझं चुकलं, मामा."

"ते मला म्हाईतच हाय. मला सांगून काय उपयोग?" त्यांनी उशीखालून एक लाल टॅग काढला, नाकारलेल्या मालाला बांधतात तसा. कोरा. दोरा ओवलेला. "तोंडी रिपोर्ट चालत न्हाई, साहेब. भरून आणा."

मी टॅग खिशात घातला. आणि इथे मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आठ महिने तो माझ्या ऑफिसच्या खणात पडून होता. मुलीचं लग्न ठरत होतं. लग्न होऊ दे, म्हटलं. लग्न झालं, तेव्हा म्हटलं, आता बढतीचे दिवस आहेत. अधूनमधून खण उघडून टॅग बघायचो आणि खण लावायचो. त्या शनिवारी न भरलेला कागदही त्याच खणात होता.

जूनमध्ये जुन्या कामगारांच्या ग्रुपवर मामांचा फोटो आला, हार घातलेला. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. मीही एक चिन्ह टाकलं. मग उठून खण उघडला आणि टॅग भरला. भरायला चार मिनिटं लागली.

कारखान्यालाही पत्र दिलं. मोठे साहेब केव्हाच दुसरीकडे गेले आहेत. त्यांच्या जागी आलेल्या तरुण साहेबांनी ते वाचलं. "सर, त्या वेळचं रेकॉर्ड आता सिस्टिममध्येच नाही. कशात दुरुस्ती करू?" मी म्हणालो, निदान सात नंबर परत द्या कुणाला तरी. आणि देताना तो कुणाचा होता ते सांगा. ते म्हणाले, बघतो. माझ्यावर काय कारवाई करायची तेही ते बघत आहेत.

तेराव्याला धायरीला गेलो. घर माणसांनी भरलेलं. मामी खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारी त्यांचा पुतण्या संदीप, जमिनीच्या व्यवहारात असलेला, गळ्यात साखळी घातलेला आडदांड गृहस्थ. मी मामींच्या हातात टॅग दिला.

"काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. "इंग्रजी हाय ना?"

"वाचून दाखवतो," म्हणालो. मी हळू वाचणार होतो, पण आवाज मोठा लागला आणि सगळी खोली वळून बघू लागली. "भाग, पंपाची पिन. दोष, व्यास कमी. पंच, सात नंबर. पंच मारणारा, रायकर नव्हेत, विभागप्रमुख गावंडे. चेक्ड बाय, कुणीही नाही."

मामींनी माझ्याकडे नीट बघितलं. मग टॅग माझ्या हातून काढून घेतला. "संदीप, हे घे. वाच बरं तू. ह्यांनी वाचलं तेच लिवलंय का बघ."

संदीप उठला. त्याने टॅग उजेडाकडे धरला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायला सुरुवात केली. पंच मारणाऱ्याच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, पुन्हा टॅगकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. मी उभा होतो. नजर वळवायला जागा नव्हती, आणि मला ती वळवायचीही नव्हती.

"तेच हाय, काकू," संदीप म्हणाला.

"मागं काय हाय?"

त्याने टॅग उलटा केला. "मागं कोरं."

मामींनी गॅलरीतल्या पटावरून पिन आणवली. "बसा पानावर, साहेब," मला म्हणाल्या. "जेवल्याशिवाय जायचं न्हाई." मग टॅगचा दोरा त्यांनी पिनेभोवती गुंडाळला, गाठ मारली, आणि ती दोनदा ओढून बघितली.